उन्हाळी श्रमशिबिरं: आपले आणि मुलांचे अनुभव लिहा

न्यू जर्सीहून, धागा सुरू करताना

आमच्या गावातल्या मेथडिस्ट चर्चचा युवागट दर उन्हाळ्यात पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेचिया या गरीब डोंगराळ पट्ट्यात लोकांची घरं दुरुस्त करायला जातो. लेकीच्या मैत्रिणी त्या गटातल्या, म्हणून तीही जाऊ लागली. आमच्याकडे गणपती बसतो, सगळे सण होतात. साहजिकच नातेवाइकांचे फोन आले, "चर्चबरोबर कशाला पाठवता?" मी गटाच्या प्रमुख बाईंना स्पष्टच विचारलं. त्यांनीही स्पष्ट सांगितलं की संध्याकाळी सगळे एकत्र बसतात, प्रार्थना होते. वाटलं तर तिने म्हणावी, नाही तर नुसतं बसावं. दिवसभराचं काम मात्र सगळ्यांना सारखं. मला ते पटलं.

हे काम चालवते ती ॲपलेचिया सर्व्हिस प्रोजेक्ट ही संस्था. १९६९ साली ग्लेन 'टेक्स' इव्हान्स या मेथडिस्ट पाळकांनी पन्नास स्वयंसेवक जमवले आणि केंटकीतल्या बार्बरव्हिलमध्ये चार घरं दुरुस्त केली, तिथून सुरुवात. घर जास्त ऊबदार, सुरक्षित आणि कोरडं करायचं, एवढंच उद्दिष्ट. मुक्काम सुट्टी लागलेल्या एखाद्या शाळेत, झोपायचं जमिनीवर. सकाळी स्वतःचे डबे भरायचे आणि पाच-सात जणांच्या तुकडीने नेमून दिलेल्या घरी जायचं.

ज्यांनी असं काम केलंय, मुलांना पाठवलंय किंवा ज्यांच्या गावात असा गट येऊन गेलाय, त्यांनी जरूर लिहा. शिबिर चर्चचंच हवं असं नाही. फक्त उन्हाळ्यातलं, अंगमेहनतीचं आणि बिनमोबदल्याचं असावं. मला सगळ्यात जास्त उत्सुकता एका गोष्टीची आहे. ज्यांचं घर किंवा ज्यांची विहीर, ती माणसं तुम्हाला किती कळली?

कोलंबस, ओहायो

मी शाळेत असताना मित्राच्या चर्चच्या गटातून गेलो होतो, वेस्ट व्हर्जिनियात. आमच्या वाट्याला एका निवृत्त खाणकामगाराचं घर आलं. आयुष्यभर कोळशाच्या धुळीत काम करून त्यांची फुप्फुसं गेली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि दोन-चार पायऱ्या उतरल्या की धाप लागायची. त्यामुळे घराबाहेर पडणंच थांबलेलं. आम्हाला व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा होता.

उताराचं गणित तिथेच शिकलो. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. त्यांचं दार जमिनीपासून तीस इंच, म्हणजे सरळ तीस फूट लाकडी उतार हवा. अंगणात तेवढी लांबी नव्हती, म्हणून मध्ये सपाट चौक देऊन वळवून घ्यावा लागला. खड्डे खणून खांब उभे करायचे, ओळंबा धरायचा, काँक्रीट ओतायचं, मग आडवे वासे आणि वर फळ्या. पहिले दोन दिवस नुसते खड्डेच. जमीन इतकी दगडाळ की पहारीनेसुद्धा ठिणग्या उडायच्या.

आजोबा दारात खुर्ची टाकून बसायचे. तरुणपणी त्यांनी ते घर स्वतः बांधलेलं. कुठे नळ गेलाय, कुठे खडक लागेल, कोणत्या बाजूने पावसाचं पाणी येतं, सगळं त्यांना पाठ. आमच्याबरोबरचे मोठे लोक नकाशा बघायचे, आम्ही मुलं आजोबांना विचारायचो. तिसऱ्या दिवसापासून मोठेही त्यांनाच विचारू लागले. खांबांची एक रांग त्यांच्या सांगण्यावरून हातभर सरकवली. दुपारी पीनट बटरचं सँडविच खाताना ते खाणीतल्या गोष्टी सांगायचे. मला वाटतं, त्या आठवड्यात त्यांना मुकादमपण मिळालं, आणि ते त्यांना उतारापेक्षाही हवं होतं. नातेवाईक सोडून इतक्या म्हाताऱ्या माणसाशी इतका वेळ बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

पुणे

ताई, धागा चांगला आहे. मी बांधकाम क्षेत्रातून निवृत्त झालोय, म्हणून एक शंका मांडतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शेकडो मैल न्यायचं, त्यांच्या प्रवासावर आणि जेवणावर खर्च करायचा, त्याऐवजी तेच पैसे देऊन तिथल्या सुताराला काम दिलं तर घर लवकर आणि चांगलं होणार नाही का? त्या भागात रोजगार कमी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

पिट्सबर्ग

काका, हा प्रश्न मलाही पडला होता. मी मोठ्यांपैकी एक म्हणून बऱ्याचदा मुलांबरोबर गेले आहे, त्या माहितीवर लिहिते.

मुलं वर्षभर गाड्या धुऊन, केक विकून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन पैसे उभे करतात. त्यातून साहित्याचाही खर्च निघतो. चर्चमधले लोक हे पैसे देतात ते आपल्या ओळखीची मुलं जाताहेत म्हणून. मुलं गेली नाहीत तर तो पैसा सुताराकडे जाणार नाही, तो उभाच राहणार नाही. विजेचं काम आमच्या गटांना करू देत नाहीत, ते परवानाधारक माणसाकडेच जातं.

तुमच्या शंकेतला खरा भाग मात्र मान्य करते. दर आठवड्याला नवा गट येतो. आधीच्यांनी भिंतीला लावलेला जिप्सम बोर्ड वाकडा असेल तर पुढच्यांनी तो काढून पुन्हा लावायचा. घरच्यांना उन्हाळाभर अनोळखी माणसं घरात, पसारा, ठोकाठोक. काही घरांत लोक पहिल्या दिवशी खोलीतून बाहेरच येत नाहीत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्या घरात कोणी परकी पोरं येऊन छत उचकटायला लागली तर आपण तरी काय करू? म्हणून पहिल्या दिवशी मी मुलांना अवजारं बाहेर काढू देत नाही. आधी ओळख, चहा-पाणी, घर बघणं. आणि घरच्या माणसांना विचारल्याशिवाय फोटो अजिबात नाही. १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गरिबीविरुद्धच्या मोहिमेसाठी केंटकीतल्या आयनेझला एका कुटुंबाच्या ओसरीवर बसले, ते फोटो देशभर गेले, आणि तेव्हापासून बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात, आमची गरिबी टिपून नेतात, ही तिथल्या लोकांची तक्रार आहे. ती रास्त आहे.

जुलै २०२२ च्या पुरात पूर्व केंटकीतली वस्तीच्या वस्ती वाहून गेली. तिथे गेल्यावर मुलांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

वसई

आम्ही इकडचे कॅथलिक. आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसराचा, युवकांचा गट मे महिन्यात डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर जायचा. काम म्हणजे विहिरीतला गाळ काढणं आणि पावसाचं पाणी मुरावं म्हणून उतारावर समतल चर खणणं. सकाळी मिस्सा (चर्चची सामुदायिक प्रार्थना), मग पेज खाऊन कामाला. आमच्या वाडवडिलांच्या बागा विहिरींवरच उभ्या राहिल्या, त्यामुळे विहिरीत उतरायची भीती नव्हती. तरीही पाड्यावरची माणसं आम्हाला आधी उतरू द्यायची नाहीत. एक जण कंदील खाली सोडून तो विझतो का, म्हणजे खालची हवा चांगली आहे का, ते बघायचा, मगच बाकीचे. गाळाची घमेली साखळीने वर यायची आणि साखळीत पाड्यातल्या बायका आमच्या दुप्पट वेगाने हात चालवायच्या. तो गाळ टाकून द्यायचा नसतो, भाताच्या खाचरात पसरायचा, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं.

निघताना काही घरांनी तांदूळ बांधून दिले. आमच्यातले काही जण संकोचून नको म्हणत होते. फादर म्हणाले, घ्या. मला फादरांचं बरोबर वाटलं. फक्त देणाऱ्याच्याच जागी बसायचं असेल तर तिथे जाऊच नये.

नागपूर

चर्चचं नाही, पण विषयाला धरून आहे म्हणून लिहितो. मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतला. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ बाबा आमट्यांनी सोमनाथ प्रकल्प उभा केला, तिथे दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला ही छावणी भरते. चंद्रपूरचा मे, पारा ४५ च्या घरात. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत श्रमदान, दुपारी सावलीत व्याख्यानं, रात्री गाणी. टिकाव कसा धरायचा ते मला कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका काकांनी दाखवलं. त्यांच्या हाताला पूर्ण बोटं नव्हती. माझ्या हाताला फोड आले तेव्हा चिंधी कशी गुंडाळायची तेही त्यांनीच. कॉलेजात असेपर्यंत मी कुष्ठरोगावर निबंध लिहिले होते, पण त्या आजारातून उठलेल्या माणसाच्या शेजारी बसून जेवलो नव्हतो.

अशा शिबिरांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने व्हर्दूनजवळचं उद्ध्वस्त गाव उभारायला वेगवेगळ्या देशांची माणसं नेली, त्यात जर्मनही होते. त्यामागे ख्रिस्ती शांतताविचारच होता. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्ये घरं बांधायला आला. पुढे पन्नासच्या दशकात त्याने सुरू केलेल्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे तरुण आनंदवनात येऊन बांधकामाला लागले. सोमनाथची छावणी त्यानंतरची.

अहिल्यानगर

आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची शिबिरं छोटी असायची. दुष्काळी गावात चार दिवस, चर आणि दगडी बांध. पाळकसाहेब स्वतः घमेलं उचलायचे. गावात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे, आणि पाणी अडलं ते सगळ्यांच्या शेताच्या वर. तो बांध अजून आहे.

न्यू जर्सीहून पुन्हा

सगळ्यांचे आभार. पिट्सबर्गच्या ताई, पहिल्या दिवशी अवजारं बाहेर काढायची नाहीत, हे मी आमच्या गटाला सांगणार आहे.

यंदा कोणी मुलांना पाठवत असेल तर लेकीच्या अनुभवावरून थोडं. चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. घर ऊबदार राहावं म्हणून भिंतीत ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरायचं काम आलं तर आखूड कपड्यांत अंगाची आग होते, आणि तोंडाला मास्क लागतो. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा, स्वयंपाकघर सोय करतं. लेक सोबत मेतकूट आणि चिवडा नेते, आणि तिच्या तुकडीत चिवडा पहिल्या दुपारीच संपतो, म्हणून यंदा दोन डबे देते आहे. मोटरवर चालणारी करवत मुलांच्या हातात देतात का आणि कोणत्या वयापासून, हे गटाच्या प्रमुखांना आधी विचारून घ्या. आमच्या गटात अठराच्या आतल्यांना देत नाहीत.