घराचं बजेट ऐसपैस आहे, शहरच ठरत नाहीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधी परिस्थिती सांगते. आम्ही दोघं पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दोघांचंही काम लॅपटॉपवर चालतं, ऑफिसात तोंड दाखवायची गरज नाही. मुलगी शिकायला बाहेर पडली. सासूबाई आमच्याबरोबर असतात. वय ७४, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. राहतं घर विकून त्यात साठवलेली रक्कम घातली की नव्या घरासाठी बऱ्यापैकी सढळ पैसे हाताशी येतात. कर्ज काढायचं नाही, देश बदलायचा नाही. बाकी कुठलंच बंधन नाही, आणि नेमकी तिथेच गाडी अडलीय. बजेट बेताचं असतं तर यादी आपोआप छोटी झाली असती. आता ज्या शहराचं नाव काढावं ते परवडतं, आणि नवरा रोज रात्री जेवणानंतर नव्या शहराचे फोटो घेऊन बसतो.

घर कसं हवं याबद्दल सल्ला नको. तीन झोपायच्या खोल्या, तळमजला किंवा भरवशाची लिफ्ट, भरपूर उजेड, बस्स. मला विचारायचंय ते दाराबाहेरचं. पैशाने चांगल्या भिंती मिळतात, पण हवा, पाणी, शेजार, दवाखाना हे शहर देईल तसं पदरात पडतं. ते आधीच कसं पारखायचं?

सुरुवात सगळे करतात तशीच केली, 'राहण्यासाठी उत्तम शहरं' छापाच्या याद्या काढल्या. त्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सोयी अशा पाच गटांत ते गुण देतात. पण परगावी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं हा या क्रमवारीचा एक मुख्य उपयोग आहे. राहण्याचा खर्च त्यात धरलेलाच नसतो. शिवाय शिक्षणाचे गुण आमच्या काय कामाचे? आणि संध्याकाळी सासूबाईंना बाकावर गप्पा मारायला कोणी मिळेल का, याचे गुण कुठल्याच यादीत नसतात. त्या याद्या मी बाजूला ठेवल्या.

मग नकारांपासून सुरुवात केली. काय चालणार नाही ते आधी ठरवलं.

पहिला नकार दवाखान्यावरून. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झटका आला तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्या वेळात घरच्यांच्या लक्षात येणं, गाडी मिळणं, रस्ता, दवाखान्यातलं स्कॅन हे सगळं बसवायचं. त्यामुळे आता नकाशावर घरापासून दवाखाना किती किलोमीटर हे मी बघत नाही. चोवीस तास स्कॅन होतं का आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथवर पोचायला किती वेळ लागतो, हे विचारते. निसर्गाच्या कुशीतली दोन देखणी गावं एवढ्यावरच गळाली. नवरा अजून त्यांचं नाव काढून उसासे टाकतो.

दुसरा नकार पाण्यावरून, आणि यावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण हा धोका सढळ बजेटवाल्यांनाच जास्त. नदीकाठचं घर महाग असतं, म्हणून ते चांगलंच असणार असं आपण धरून चालतो. एका शहरात असाच एक फ्लॅट बघितला. गॅलरीतून नदीचं वळण दिसत होतं, एजंट सूर्यास्ताचं वर्णन करत होता. सासूबाई मात्र खाली पार्किंगमध्येच थांबल्या होत्या. आम्ही उतरलो तर त्या भिंतीकडे बोट दाखवून रखवालदाराशी बोलत होत्या. कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा नवा होता, वरचा जुना, आणि दोन्हींच्या सीमेवर सरळ आडवी रेघ. रखवालदार म्हणाला, "रंग काढायचाय अजून." पुढे काही बोलला नाही.

घरी येऊन वाचलं. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे एकदा आला की पुढची शंभर वर्षं निवांत, असं नसतं. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. ३० वर्षं त्या घरात राहायचं म्हटलं तर तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. ते गणितही जुन्या नोंदींवर बेतलेलं. वर काँक्रीट वाढलं किंवा पाऊस बदलला की तेही बदलतं. आता कुठल्याही शहरात गेलं की आम्ही आधी खालचा मजला आणि आसपासची जुनी दुकानं बघतो. दुकानदार खोटं सांगत नाहीत, त्यांचा माल भिजलेला असतो.

हवेचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या बारीक धुळीची वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत असावी असं सुचवलं. ते गाठणारी शहरं जगात मोजकीच, त्यामुळे ती अट घालून काही हाती लागत नाही. मी वर्षाची सरासरी सोडून सगळ्यात वाईट महिना बघते. तापमानाचंही तसंच. दुपारचा आकडा सगळे सांगतात, रात्री किती उतरतं ते कोणी सांगत नाही. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडत बसतं, म्हणून एकाच शहरात जुन्या झाडांच्या भागात आणि नव्या टॉवरांच्या भागात झोपेचा फरक पडतो. उंचीवरचं शहर बघत असाल तर ढोबळ हिशेब असा, की दर १००० मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. पण हिवाळाही तेवढाच खाली जातो, आणि गुडघे थंडीत जास्त बोलतात.

आमचा खरा वाद मात्र वेगळाच आहे. नवऱ्याचं म्हणणं, हवामान उत्तम निवडू, बाकीचं जमून जातं. मी त्याला डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्कॅड यांचा १९९८ चा अभ्यास दाखवला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना वाटायचं की कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, मुख्यतः हवेमुळे. प्रत्यक्षात तिथल्या आणि मध्यपश्चिमेतल्या विद्यार्थ्यांच्या एकूण समाधानात फरक सापडला नाही. निवडताना जे डोळ्यांत भरतं, ते रोजच्या जगण्यात तेवढं जाणवत नाही. यावर नवरा म्हणतो, ते विद्यार्थी होते, पन्नाशीला विचारा. तर पन्नाशीवाल्यांनो, सांगा!

तेव्हा ज्यांनी पैशांची फारशी ओढाताण नसताना शहर बदललंय, त्यांना विचारते. एक, तुम्ही आधी भाड्याने राहिलात की थेट विकत घेतलंत? घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या वीसपटीहून जास्त असेल तर भाडंच परवडतं असा ढोबळ ठोकताळा आहे, पण सासूबाईंना दोनदा सामान हलवायला लावणं जिवावर येतं. दोन, ओळखी कशा झाल्या? शाळेच्या फाटकाशी होणाऱ्या ओळखी आमच्या वयात नाहीत, ऑफिस घरातच. आणि सासूबाईंना एकच भाषा येते, त्यामुळे शेजार मुका निघाला तर त्या आठवड्यात परत चला म्हणतील. तीन, मोठं घर शहराबाहेर की छोटं घर मध्यात? माझा कल मध्याकडे आहे. गाडी चालवणं बंद होईल तेव्हा औषधाचं दुकान, भाजी, बाग पायी गाठता यायला हवी.

भर: प्रतिसादांबद्दल आभार. 'दोन शहरांत दोन घरं घ्या' असं तिघा-चौघांनी सुचवलंय. पैसे पुरतील कदाचित, पण दोन्हीकडची गळती, दोन्हीकडची बिलं आणि सतत बंद असलेलं एक घर सांभाळायचा उत्साह नाही. सुट्टीच्या दिवसांत शहर बघू नका, ऐन पावसात किंवा ऐन उन्हाळ्यात, तेही कामाच्या आठवड्यात जाऊन राहा, ही सूचना पटली. हॉटेलात न उतरता ज्या वस्तीत घर बघतोय तिथेच खोली घेणार आहोत, आणि लॅपटॉपही नेणार. नळाच्या पाण्याबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना: हो, तपासून घेते. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर क्षार म्हणजे फारच जड पाणी, गीझर आणि केस दोन्हींची वाट लागते. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं दिसली की आकडा विचारायचीही गरज पडत नाही.

यादीत आता तीन शहरं उरलीत. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'आमचंच शहर बरं' वर जाईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कोणी नीट दिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन भाड्याने वर्षभर राहिलेलं कोणी आहे का इथे? सामानाचं काय केलंत, आणि त्या वर्षात ती माणसं रुळली का?