‘बिग बॉय’ आणला असता तर घाटात बँकर लागले नसते म्हणे!

कुळ्याचा नातू: काल एकाने इथे दूधसागरचा व्हिडिओ टाकून खाली लिहिलं, “डिझेलवाल्यांनी वाफ मुद्दाम मारली. अमेरिकेचा एक बिग बॉय आणला असता तर ब्रागांझा घाटात मागून ढकलायला इंजिनं (बँकर) लागलीच नसती.” वर लाइकचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

बिग बॉय म्हणजे अमेरिकेचं अजस्र वाफेचं इंजिन. त्याचा ट्रॅक्टिव्ह एफर्ट, म्हणजे ओढायची ताकद, १,३५,३७५ पौंड, म्हणजे साधारण ६१ टन. तोही कागदावर. गोव्यातून कर्नाटकात चढणाऱ्या आपल्या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. वळणं धरून दर टनामागे ३० किलो ओढ तरी लागतेच. टेंडरसकट इंजिनच साडेपाचशे टनांचं, म्हणजे ६१ पैकी सोळा-सतरा टन त्याला स्वतःलाच वर न्यायला गेले! अमेरिकेतल्या वॉसॅच डोंगराचा चढ, ज्यासाठी ते बांधलं, १.१४ टक्के. आपला निम्म्याने नव्हे, दुपटीहून जास्त. शिवाय एकेका ॲक्सलवर ३० टन भार. आपली लाइन तेव्हा मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची; तिथल्या वायजी या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाचा ॲक्सल साडेदहा टनांचा. पूल काय तुमचे काका खालून धरणार होते?

वाफारा: बिग बॉय गेला उडत. अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९६० पर्यंत वाफ चालवली ती काय हौसेपोटी? कोळसा दारात, वाय६बी इंजिनं स्वतःच्या रोआनोकच्या कारखान्यात बांधलेली, तेलपाणी झटपट. वॉर्डेल या इंजिनिअरने १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत २५एनसी जातीचं जुनं वाफेचं इंजिन सुधारून ‘रेड डेव्हिल’ केलं, पाव हिस्सा कोळसा वाचला. डिझाइन संपलं नव्हतं बाब, पैसे देणारे संपले.

कुळ्याचा नातू: “कोळसा दारात.” तेच तर म्हणतोय! गोव्याच्या दारात कुठला कोळसा?

वास्कोची सून: दारात नाही? माझ्या बाल्कनीत या. पांढरी चादर वाळत घाला आणि संध्याकाळी बघा. मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने तुमच्या त्याच लाडक्या घाटाने कर्नाटकात चढतो.

वाफारा: बाय, धागा इंजिनांचा आहे.

वास्कोची सून: मग इंजिन ओढतं काय, ते विचारायचं नाही? २०२० मध्ये चांदरला माणसं या लाइनच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्री रुळांवर बसली ती वाफ बघायला नव्हती बसली. दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने उगाच नाही रद्द केली.

सावर्ड्याचा ट्रक: आली पर्यावरणाची टोळी. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ ला बंद, मग सुरू, २०१८ ला पुन्हा बंद. माझा ट्रक दारात गंजला, हप्ते कोणी भरले? आता रेल्वेही नको. खायचं काय, तुमची चादर?

वास्कोची सून: ट्रकवाल्यांनी सावर्ड्यात धूळ उडवली तेव्हा तिथल्या पोरांनी काय खाल्लं? धूळच ना?

सावर्ड्याचा ट्रक: तोंड सांभाळून.

कुळ्याचा नातू: झालं तुमचं? माझे आजोबा याच घाटात फायरमन. बोगद्यात शिरताना ओलं फडकं तोंडाला बांधून खाली बसायचे, बाहेर आले की थुंकी काळी. वाफेची दोन इंजिनं पुढे जोडली की दोन्हींवर वेगळी माणसं. डिझेल दोन जोडली तर एकाच कॅबमधून चालतात. वरून राख झाडा, बॉयलर धुवा, गाडी सिग्नलला उभी असली तरी कोळसा जाळा. आणि वाफेची खरी ताकद वेग वाढल्यावर मिळते, घाटात तर गाडी रांगते.

वाफारा: माणसांचा हिशेब मान्य, सरकारी ऑडिटर आहात म्हणून. पण गॅरेटचं, म्हणजे एका बॉयलरखाली पुढे-मागे दोन इंजिनं जोडलेल्या प्रकाराचं काय? बेंगाल नागपूर रेल्वेने वापरली, आसामात मीटर गेजवर धावली. भार जास्त ॲक्सलवर वाटला जातो, वळणात मधून वळतं.

कुळ्याचा नातू: गॅरेट म्हणाला असतात तर भांडलोच नसतो. तुम्ही लाइक मात्र बिग बॉयलाच दिलंत, बघितलंय मी. आणि गॅरेटला सिलिंडर दोन इंजिनांचे, फावडं मारायला माणूस तोच एक. चढता का त्यावर, बोगद्यातून?