मदत हवी आहे: 'टॉवरचा त्रास होतो' म्हणणाऱ्यांची टक्केवारी कशी काढावी?

रानफूल: समाजकार्य पदवीच्या प्रकल्पासाठी आर्णी तालुक्यातील एका गावात मी १८० जणांची माहिती घेतली, त्यांपैकी ६१ जणांनी मोबाइल टॉवरचा त्रास होत असल्याचे सांगितले. हे प्रमाण जवळपास ३४ टक्के भरते. मार्गदर्शक सरांच्या मते हा आकडा अशक्य आहे. अहवाल सोमवारी द्यायचा असल्यामुळे कृपया फक्त सूत्र सांगावे.

आकडेमोड: ताई, भागाकार बरोबर आहे. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, ते लिहा. स्वतःला विद्युतचुंबकीय लहरींचा त्रास होतो असे सांगणारे १९९७ साली स्टॉकहोम परिसरात १.५ टक्के, तर २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये ५ टक्के आढळले. तैवानमध्ये २००७ साली हेच प्रमाण १३.३ टक्के भरले होते. शब्द बदलले की आकडाही बदलतो.

निवृत्त लाइनमन: आधी त्या घरांचे अर्थिंग तपासावे. आमच्या काळात अर्धी डोकेदुखी तिथेच थांबत असे.

कपाशीवाला: लाइनमन भाऊ, त्यांनी उपाय विचारलेला नाही. ताई, महिना कोणता होता? फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे डोके दुखणे आणि अंगाची आग होणे घरोघरी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने माणसे दगावली, ती याच हंगामात.

रानफूल: सप्टेंबर. प्रश्न असा होता: 'टॉवर उभा राहिल्यापासून आपणास डोकेदुखी, निद्रानाश किंवा थकवा जाणवतो का?' टॉवर हटवण्याच्या अर्जावर सह्या करण्यासाठी लोक ग्रामपंचायतीसमोर जमलेलेच होते, त्यामुळे एका संध्याकाळीच काम आटोपले.

आकडेमोड: मग हे प्रमाण गावाचे नसून त्या रांगेचे आहे.

गावकरी: म्हणजे आमचे लोक खोटे बोलतात, असे म्हणायचे आहे का?

आकडेमोड: मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ साली ही लक्षणे खरी असल्याचे मान्य केले. ती लहरींमुळेच होतात याला मात्र शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. ताईंना मोजायचे आहे ते लोकांचे म्हणणे, आणि तेही नीट मोजावे लागते. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे घ्यावीत, टॉवरचे नाव न काढता आधी लक्षणे विचारावीत, आणि कारण काय वाटते ते शेवटी त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. खरे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ४०० जणांतही सुमारे २ टक्के इकडेतिकडे होईल, हे अहवालात लिहावे.

रानफूल: सोमवारपर्यंत ४०० जण होणे शक्य नाही, मुदत मागते. पण संमतीपत्रावर 'टॉवरच्या त्रासाचे सर्वेक्षण' असाच मथळा छापून झाला आहे, ५०० प्रती घरी पडल्या आहेत. तो खोडून चालेल का?