विधेयक समितीकडे पाठवणं म्हणजे वेळकाढूपणा?

रानजाई: काल इथं एकानं लिहिलं, ‘बहुमत दिलंय ना? मग मांडा, मंजूर करा, राष्ट्रपतींची सही घ्या. समित्या हव्यात कशाला?’ रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. सभागृहात कलमन् कलम वाचायला वेळ कोणाला असतो? संसदेच्या समितीत खात्याच्या सचिवांना उत्तरं द्यावी लागतात, ज्यांना झळ बसणार ते येऊन बोलतात आणि तिथं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, चालत नाही. कृषी विधेयकं आठवा. समिती नाहीच. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत विरोधक मतविभाजन, म्हणजे मतं मोजून निर्णय, मागत होते, तरी दोन विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर. मग वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर. 29 नोव्हेंबर 2021 ला ते कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात, चर्चेविना! घाई करून वेळ वाचला कुठं?

हप्तेकरी: ताई, माझा गेला त्याचं काय? रेराचं, म्हणजे बिल्डरांवर नियमन आणणाऱ्या कायद्याचं, विधेयक 2013 ला राज्यसभेत आलं. आधी कायमची असते ती स्थायी समिती, मग याच विधेयकासाठी नेमलेली प्रवर समिती, मंजूर मार्च 2016. मी 2012 ला फ्लॅट बुक केला होता. घरभाडं आणि बँकेचा हप्ता, दोन्ही भरत होतो. बिल्डर दर पाडव्याला म्हणायचा, दसऱ्याला चावी. आईनं देवघराची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. ते घर तिनं पाहिलंच नाही.

कलमकसाई: वाईट वाटलं. पण सगळा दोष समितीवर नको. मंजुरीनंतरही 92 पैकी 59 कलमंच 1 मे 2016 ला लागू झाली, उरलेली वर्षभरानं. सही झाली की कायदा लगेच चालू होतोच, असं नसतं. अनेकदा अधिसूचना लागते, नियम लागतात, आणि इथं नियम राज्यांनी करायचे होते.

जुना ठाणेकर: महाराष्ट्राचा स्वतःचा 2012 चा गृहनिर्माण कायदा होताच की! त्याला राष्ट्रपतींची संमती 2014 ला मिळाली आणि पुढं रेराच्या शेवटच्या कलमानं तो रद्दच झाला. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावे करणं, अजून रखडलंय, त्यावर बोला कुणीतरी.

रानजाई: विषय संसदेचा आहे. फ्लॅट आणि सोसायट्यांसाठी वेगळा धागा काढा.

हप्तेकरी: का? कायदा कागदावर राहतो आणि माणसं भाड्याच्या खोलीत. डोक्यावर हक्काचं छप्पर असलं की कार्यपद्धतीवर बोलणं सोपं असतं.

रानजाई: माझ्या छपराबद्दल तुम्हाला काहीही माहीत नाही. शब्द मागे घ्या.

गाळेवाला: दोघंही थांबा. रेराच्या मूळ विधेयकात फक्त निवासी प्रकल्प होते. स्थायी समितीनं सुचवलं म्हणून दुकानं, ऑफिसंही त्यात आली. माझ्या भावाचा गाळा अडकला होता. विधेयक 2013 ला होतं तसंच मंजूर झालं असतं, तर त्याला तक्रारीला दारच नव्हतं. हप्तेकरी, तुमची ती तीन वर्षं त्याच्या कामी आली, हे तुम्हाला सांगताना मला जड जातंय.

हप्तेकरी: हे मला माहीत नव्हतं. छपराचा शब्द मागे घेतो. समिती नकोच, असंही आता म्हणत नाही. पण मुदत घाला. तीन महिन्यांत अहवाल आला पाहिजे.

रानजाई: मुदत मान्य. पण तीन महिने कमी आहेत.

हप्तेकरी: एक दिवसही जास्त नाही.