घरच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवायची आहे – कुठली घ्यावी, केबलचं काय करावं?

छायाप्रकाश:
नमस्कार मंडळी. बाबांनी काढलेल्या ३५ मिमीच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम मी हाती घेतलंय. ४००० डीपीआयवर १६ बिटची टिफ केली की एक फ्रेम साधारण १२८ एमबीची होते. म्हणजे ३६ फोटोंचा एक रोल साडेचार जीबीच्या वर जातो. डेस्कटॉपमध्ये २५६ जीबीची एम.२ एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज. सोबत १ टीबीची साधी हार्ड डिस्क आहे, ती आता काठोकाठ भरलीय. रोल मात्र अजून निम्म्याहून जास्त बाकी आहेत.

आतच दुसरी ४ टीबीची डिस्क बसवावी असं मनात आहे. कॅबिनेटमध्ये खालच्या पिंजऱ्यात एक खण रिकामा दिसतोय. माझे प्रश्न असे:

एसएसडी घ्यावी की हार्ड डिस्क? पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तर तो पुरेल ना? आणि मुख्य अडचण केबलची. पॉवर सप्लाय मॉड्युलर आहे, म्हणजे केबल काढता-घालता येतात, पण त्याच्यासोबत आलेल्या जास्तीच्या केबल सापडत नाहीयेत. घरात दुसऱ्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची साटा केबल (डिस्कला वीज देणारी) आहे. लावून पाहिली तर दोन्ही टोकं नीट बसतात. कॉम्प्युटर अजून चालू केलेला नाही. ती वापरली तर चालेल का?

रात्रपाळी:
एसएसडीच घ्या. आवाज नाही, वेग कितीतरी जास्त, धक्क्याची भीती नाही. फिरत्या डिस्कमध्ये आता पैसे घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. वॉटची काळजी नको, डिस्कला फार लागत नाही.

पेचकस:
छायाप्रकाश, बाकी सगळं नंतर. ती केबल आधी काढा. कॉम्प्युटर चालू केला नाहीत हे फार बरं झालं.

साटा पॉवरच्या केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, १५ पिनांचं, ते ठरलेलं आहे. पॉवर सप्लायकडच्या टोकाला असं कुठलंही मानक नाही. कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट, कुठल्या पिनेवर ५ व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. प्लास्टिकचा आकार सारखा असल्यामुळे केबल बसते, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट येऊन उभे राहतात. डिस्कखालचं सर्किट तत्क्षणी जळतं. त्या केबलवर जितक्या डिस्क लावल्या असतील तितक्या सगळ्या जातात. दुरुस्तीला आलेल्या अशा डिस्क मी पाहिल्या आहेत. आतला डेटा शाबूत असतो, पण तो बाहेर काढायला येणारा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो. म्हणून केबल फक्त त्याच पॉवर सप्लायसोबत आलेली वापरायची, किंवा त्याच्या नेमक्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली.

पण बहुधा तुम्हाला नवी केबल लागणारच नाही. तुमची १ टीबीची डिस्क आत्ता ज्या केबलवर चालते, तिच्यावर ओळीने तीन-चार कनेक्टर असतात. जास्तीचे कनेक्टर पुष्कळदा मदरबोर्डच्या मागच्या बाजूला, उजव्या झाकणाआड दुमडून ठेवलेले असतात. ते झाकण उघडा आणि केबल हाताने चाचपत जा. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारा अडॅप्टर कोणी सुचवला आणि त्याचा कनेक्टर तारांवर प्लास्टिक ओतून बनवलेला असेल, तर तो घेऊ नका. त्यात तारा आतल्या आत एकमेकींना चिकटून आग लागल्याची उदाहरणं आहेत.

४५० वॉट भरपूर झाले. साडेतीन इंची डिस्क चालताना ५ ते १० वॉट घेते, सुरू होताना क्षणभर २० च्या आसपास जाते.

आता हार्ड डिस्क की एसएसडी. रात्रपाळी यांचं म्हणणं विंडोजच्या डिस्कसाठी शंभर टक्के बरोबर आहे, पण तुमचं काम वेगळं आहे. मोठ्या फायली एकदा लिहायच्या आणि अधूनमधून उघडायच्या. ७२०० आरपीएमची चांगली डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी देते, म्हणजे तुमची १२८ एमबीची फ्रेम सेकंदभराच्या आत डिस्कवरून आलेली असते. त्यामुळे साठवायला हार्ड डिस्क घ्या आणि वाचलेले पैसे कुठे घालायचे ते खाली सांगतो. एखादा रोल स्वच्छ करत असाल तेवढ्यापुरता तो एसएसडीवर ठेवा, झाला की हलवा.

घेताना मात्र एक गोष्ट जरूर तपासा: डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. नुसतं साठवायला ती चालते, पण शेकडो जीबी एका दमात टाकायला गेलात की वेग पार कोसळतो. घरगुती ४ टीबीच्या डिस्कमध्ये एसएमआर बऱ्याच आहेत आणि खोक्यावर ते सहसा लिहिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेल क्रमांकाचं माहितीपत्रक उघडून पाहा. मॉडेल क्रमांक म्हणजे पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाच्या मालिकेत दोन्ही प्रकार असतात.

मदरबोर्डचं मॅन्युअलही उघडा. काही बोर्डांवर एम.२ चा स्लॉट भरलेला असला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. तुमच्याकडे एम.२ आहे, तेव्हा कुठले पोर्ट चालू राहतात ते आधी पाहून ठेवा. नाहीतर डिस्क दिसत नाही म्हणून माणूस चांगली डिस्क परत पाठवतो. साटाची डेटा केबल वेगळी घ्यावी लागेल, नुसत्या डिस्कसोबत ती सहसा येत नाही.

बसवणं सोपं आहे. कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि डिस्क हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. अडीच इंची एसएसडीचे बारीक स्क्रू त्यात घालू नका, ते पकडत नाहीत. चारही स्क्रू लावा, सैल डिस्क थरथरते आणि कॅबिनेटभर घुमते. चालू असताना कॅबिनेट हलवायचं नाही.

मूकवाचक:
मध्येच विचारते. अशा दोन सारख्या डिस्क घेऊन रेड १ केलं, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा एकाच वेळी लिहिला, तर बॅकअपचा प्रश्न सुटतो ना?

पेचकस:
नाही. रेड १ मध्ये एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर पुसलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. पॉवर सप्लाय बिघडून जास्त व्होल्टेज आलं तर दोन्ही एकाच पेटीत आहेत.

छायाप्रकाश, हेच तुम्हालाही सांगायचं होतं. आत बसवलेली दुसरी डिस्क तुम्हाला जागा देते, सुरक्षितता देत नाही. एसएसडीऐवजी हार्ड डिस्क घेऊन जे पैसे उरतील, त्यात तेवढ्याच क्षमतेची एक यूएसबीची बाहेरची डिस्क घ्या. तिच्यावर प्रत उतरवायची, वायर काढायची आणि ती दुसऱ्या कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची. मूळ निगेटिव्ह आहेतच, असं वाटेल. पण रंगीत निगेटिव्हचे रंग वर्षागणिक उडतात, आणि जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास यायला लागला की ती आकसते, वाकते. परत स्कॅन करू म्हणाल तेव्हा त्यावर आजच्याइतकं उरलेलं असेल याची खात्री नाही. तुमचं आत्ताचं स्कॅन हेच पुढे मूळ ठरू शकतं.

छायाप्रकाश:
पेचकस, मनापासून आभार. ती केबल काढून टाकली. मागचं झाकण उघडलं तर खरंच दोन कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेले होते. सीएमआर डिस्क मिळाली, बसवली. बायोसमध्ये तिचं नाव दिसतंय, पण विंडोजमध्ये फक्त सी आणि डी. काही बिघडलं असेल का?

रात्रपाळी:
काही बिघडलेलं नाही. कोरी डिस्क अशीच येते. स्टार्टवर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा.

पेचकस:
हो. उघडताच ते नवी डिस्क इनिशियलाइज करायला विचारेल. डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती तिथे दिसतील, त्यातली जीपीटी निवडा, एमबीआर नको. एमबीआरला सुमारे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, तुमची निम्मी डिस्क वाया जाईल.

पुढे जाण्याआधी आकडा बघा. ४ टीबीची डिस्क तिथे ३७२६ जीबी आणि अनअ‍ॅलोकेटेड अशी दिसेल. काही हरवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. काळ्या पट्टीची तीच ओळ तुमची. जिच्यावर निळी पट्टी आणि डी अक्षर आहे तिच्याकडे जायचंच नाही, तिथे तुमचे स्कॅन आहेत.

मग उजवी क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. क्विक फॉर्मॅटची खूण या एकदा काढून टाका. पूर्ण फॉर्मॅट डिस्कचा कोपरान्‌कोपरा लिहून पाहतो. ४ टीबीला सहा-आठ तास लागतील, झोपताना लावून द्या. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि रीअ‍ॅलोकेटेड, करंट पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी पाहा. रॉ व्हॅल्यू तिन्हींची शून्य हवी. पॉवर ऑन अवर्समध्ये फॉर्मॅटचे तास सोडून फार काही नको, तिथे हजारो तास दिसले तर तुम्हाला वापरलेली डिस्क नवी म्हणून दिली आहे. यातलं काहीही आढळलं तर परत करा, डेटा टाकूच नका.

छायाप्रकाश:
फॉर्मॅट रात्रभर चालला. तिन्ही शून्य, तासही जेमतेम तेवढेच. आता जुन्या डिस्कवरचं सगळं कट-पेस्ट करू?

पेचकस:
कट नको, कॉपी. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का पाहा, आणि वेगवेगळ्या रोलमधल्या काही टिफ पूर्ण मोठ्या करून उघडा. जमत असेल तर दोन्हीकडच्या फायलींचे हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून ताडून बघा, त्यासाठीचं सर्टयुटिल विंडोजमध्येच असतं. बाहेरच्या डिस्कवर प्रत उतरेपर्यंत जुन्या डिस्कवरून काही पुसू नका.

छायाप्रकाश:
कॉपी लावलीय, सेकंदाला १४० एमबीच्या आसपास चाललीय. बाहेरची डिस्क मागवली आहे, ती माझ्या बहिणीकडे राहील. हॅशचं जमलं नाही तर इथेच विचारते.