विष लागलेल्या एलँडचे पाय
कुणी कुणी म्हणतं की दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकन्सबर्गच्या डोंगरातली सान लोकांची (तिथले मूळचे शिकारी लोक) कातळावरची चित्रं म्हणजे नुसता शिकारीचा हिशोब, जे मारलं ते भिंतीवर काढलं. मला नाही पटत. तिथल्या गेम पास नावाच्या कपारीतला एलँड बघा (आपल्या रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, दांडगा भाऊबंदच समजा, मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो), मान खाली टाकलेली, अंगावरचे केस उभे, मागच्या पायांची कैची झालेली अन् त्याची शेपटी धरून एक माणूस उभाय, त्याच्याही पायांची तशीच कैची अन् पावलांच्या जागी चक्क खूर! आता हा कसला हिशोब?

या चित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुईस-विल्यम्स म्हणतात की शेपटी धरलेला हा अंगात येणारा माणूस, मरणाऱ्या जनावराची ताकद याच्यात उतरतीय. असंल नसंल, पण ते पाय बघून मला आमच्या परभणीकडच्या शेतातली कालवड आठवली, ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले, किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागली अन् अशाच झोकांड्या खात पायात पाय अडकून पडली बिचारी. सानांचा विषारी बाण लागलेल्या जनावराच्या मागं मागं जो चाललाय त्यालाच असले पाय काढता येणार, घरी बसून नाही.