दहा दिवसांत विद्यार्थ्यांनी उभारायचा लाकडी निवारा: लाकूड कोणते, पाया कसा?

चौथे_वर्ष:
नमस्कार. आम्ही वास्तुकलेचे बारा विद्यार्थी देवरुखजवळ एका शाळेच्या जागेत, ओढ्याकाठी, मुलांना बसून पक्षी पाहता येतील असा तीन मीटर बाय चार मीटरचा निवारा स्वतः आखून स्वतःच्या हातांनी बांधणार आहोत. जानेवारीतले दहा दिवस हाताशी आहेत, जागेवर वीज नाही आणि शेवटचा पाव किलोमीटर सामान डोक्यावरून न्यावे लागेल. आराखड्यात न्यूझीलंडहून आलेले पाइन आणि काँक्रीटमध्ये रोवलेले खांब आहेत. मार्गदर्शकांनी दोन्हींवर लाल शाईने वर्तुळ काढले, कारण मात्र सांगितले नाही. जाणकारांनी सांगावे.

पागोळी:
खांबांपुरते उत्तर मी देतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. विद्यार्थी असताना आम्ही घाटमाथ्यावर असाच निवारा बांधला आणि सहा खांब काँक्रीटमध्ये घट्ट बसवले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाहायला गेलो तेव्हा वरून खांब ठणठणीत दिसत होते, पण काँक्रीटच्या कडेशी खिशातल्या चाकूचे पाते मुठीपर्यंत आत गेले. लाकूड सुकताना आडवे आकसते, खांब आणि काँक्रीट यांच्यात फट पडते, त्या फटीत पाणी उतरते आणि मग तो खड्डा पेल्यासारखा भरून राहतो. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला हवे ते सगळे मिळते, आणि जमिनीलगत तिला ओलावा व हवा दोन्ही मिळतात. लाकूड भिजले तरी बिघडत नाही, ते सुकत नाही तेव्हा बिघडते. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांचे फूट-दीड फूट उंच जोते घ्या, खांब त्यावर लोखंडी पट्टीच्या बुटात, तळाशी बोटभर मोकळी जागा ठेवून उभे करा, आणि छपराचे पाखे इतके बाहेर काढा की कोकणातला तिरपा पाऊसही खांबाच्या पायाशी सहसा पोहोचणार नाही. वाळवीचे मातीचे बोगदे चिऱ्यावर लगेच दिसतात, हा आणखी एक फायदा.

ओले_लाकूड:
पाया झाला, आता लाकडाबद्दल. माझ्या मते तुमचा क्रमच उलटा आहे: आधी आकार ठरवला आणि मग त्याला बसेल ते लाकूड शोधले. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातले हूक पार्क हे सुमारे १५० हेक्टरांचे जंगल २००२ पासून लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकला विद्यालयाकडे आहे, आणि तेथील विद्यार्थी त्याच जंगलातल्या लाकडाने खऱ्या इमारती बांधतात. त्याआधी, १९८० च्या दशकात, तेथे विरळणीत, म्हणजे दाट झाडी विरळ करताना, निघालेल्या बारीक सोट्यांचे घर उभे राहिले. त्यात जर्मन वास्तुविशारद फ्राय ऑटो यांचा सहभाग होता, आणि एरवी जळणात जाणारे हे सोटे छपरात ओढ धरण्यासाठी टांगून वापरले गेले. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांनी लाकडाच्या चिपांच्या कोठारासाठी बीच झाडांची बेचकी निवडली, त्यांचे त्रिमितीय स्कॅन केले, यंत्रहाताने फक्त सांध्यांच्या जागा कोरल्या आणि नैसर्गिक आकार तसाच ठेवून मोठी कमान जोडली. फांदी फुटते तेथे तंतू मुळातच वळलेले असतात, त्यामुळे असे बेचके कापून जोडलेल्या सांध्यापेक्षा बळकट असते. आपल्याकडे मांडवाची मेढ हे त्याहून वेगळे काय आहे? बेचक्यात तुळई बसवायला यंत्रहात लागत नाही.

वीज नसल्याचा बाऊ करू नका. हेलसिंकीच्या कोर्केआसारी प्राणिसंग्रहालयातला दहा मीटर उंचीचा कुप्ला मनोरा (२००२) वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ६० मिलिमीटर चौरस छेदाच्या ७२ पट्ट्या जागेवरच वाकवून, पिळून, सहाशेहून अधिक बोल्टांनी जोडला. मात्र तो आकार कोकणात नेऊ नका, त्याला छप्पर नाही.

तुम्ही गावात फिरून अकेशियाची विरळणी कोठे होणार आहे ते विचारा, आणि मिळतील त्या सोट्यांची लांबी, जाडी व बाक वहीत टिपून मगच आराखडा काढा. बाहेरचा पांढरट थर तासून काढा, कीड आधी तेथेच लागते. लाकूड ओले असेल तर बोल्ट सुकल्यावर सैल पडतात, म्हणून उन्हाळ्यात पाना घेऊन पुन्हा एक फेरी ठेवा.

रंधा_आणि_पटाशी:
दोन गोष्टी राहिल्या. खासगी जागेतली अनेक जातींची झाडे तोडण्यासाठी आणि लाकूड हलवण्यासाठी वनविभागाचा परवाना लागतो, त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना महिनाभर आधी भेटा. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू केंद्रीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे, म्हणून छपरासाठी माणगा जातीचा बांबू सोयीचा पडेल, शिवाय तो जवळजवळ भरीव असतो. त्याला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून ठेवा. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, तेव्हा असा बांबू कौलांखालीच वापरावा. खांबांना काजूच्या टरफलांचे तेल लावणार असाल तर हातमोजे घाला, कातडी भाजते. आणि गावातल्या एखाद्या जुन्या सुताराला दहाही दिवसांची मजुरी देऊन बोलवा, फक्त उद्घाटनाला नव्हे.

चौथे_वर्ष:
सर्वांचे आभार. पाइन आणि काँक्रीट दोन्ही काढून टाकले आहे. काल शाळेच्या मागच्या उतारावर अकेशियाचे एकतीस सोटे मोजले, त्यांपैकी चौदा सरळ आहेत आणि पाचांना चांगले बेचके आहे. चार कोपऱ्यांना चार मेढी धरल्या, तर पाचवी आढ्याखाली मधोमध घेतल्यास बसण्याची जागा अडेल का, एवढेच ठरायचे आहे.